समुद्रात परतलेले सरीसृप: तीन कुळे, दोन शेवट आणि आपल्या पायाखालचा काळा दगड

माळढोक (धागाकर्ता)

अशनी आदळला, डायनासोर संपले आणि त्यांच्याबरोबर समुद्रातील अजस्र सरीसृपही संपले, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याचा उत्तरार्ध तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. माझ्या मते तो उत्तरार्ध बराचसा चुकीचा आहे. समुद्रातील सरीसृप हे एकच कूळ नव्हते; इक्थिओसॉर, बहुधा लांब मानेचे प्लेसिओसॉर आणि घोरपडींच्या घराण्यातील मोसासॉर ही त्यांतील तीन प्रमुख कुळे. ती एका वेळी समुद्रात गेली नाहीत आणि सगळी एका वेळी संपलीही नाहीत. त्यांच्यापैकी माशासारखे रूप ज्याने सर्वाधिक धारण केले, ते इक्थिओसॉरांचे कूळ तर अशनी आदळण्याच्या सुमारे 2 कोटी 80 लाख वर्षे आधीच पृथ्वीवरून नाहीसे झालेले होते. सोलापुरात भूशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांकडून या विषयावर जे प्रश्न येत असत, ते डोळ्यांसमोर ठेवून हा धागा काढत आहे. आपण ज्या काळ्या दगडावर घरे बांधतो त्याचे नावही या कथेच्या शेवटी आरोपी म्हणून घेतले जाते; त्याविषयी ओघात बोलूच.

या कथेचा आरंभ एका संहारातून होतो. सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळ संपताना, सैबेरियात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले, हवामान तापले, समुद्रातील प्राणवायू घटला आणि सागरी प्रजातींपैकी पाचांत चार किंवा त्याहूनही अधिक प्रजाती नष्ट झाल्या. पृथ्वीच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा विनाश मानला जातो. त्यानंतर समुद्रात खाद्य हळूहळू परत येऊ लागले, परंतु ते खाणारे मोठे शिकारी उरले नव्हते. अशा वेळी जमिनीवरचे सरीसृप किनाऱ्यावरून पाण्यात उतरले, आणि तेही एकाच घराण्यातील नव्हे, तर निरनिराळ्या घराण्यांतील. त्यांतील काहींचे दात शिंपले फोडण्यासाठी चपटे झाले, काहींच्या माना लांबल्या, तर काहींचे हातपाय वल्ह्यांसारखे झाले.

चीनच्या आन्हुई प्रांतात चाओहू येथे सापडलेला कार्टोरिंकस हा इक्थिओसॉरांचा नातेवाईक प्राणी या संक्रमणाचा चांगला नमुना आहे. सुमारे 24 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्याची लांबी जेमतेम 40 सेंटिमीटर होती आणि त्याची वल्ही मोठी व लवचीक असल्यामुळे तो सीलप्रमाणे किनाऱ्यावर सरपटू शकत असावा, असे 2014 मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या संशोधकांचे मत आहे. त्यानंतर अवघ्या वीसेक लाख वर्षांत अमेरिकेतील नेवाडाच्या खडकात सिंबोस्पॉन्डिलस यंगोरम हा इक्थिओसॉर दिसतो, ज्याची नुसती कवटी सुमारे 2 मीटर आणि अंदाजे लांबी 17 मीटरांच्या आसपास आहे. भूशास्त्राच्या मोजमापात वीस लाख वर्षे म्हणजे काहीच नव्हे. देवमाशांना एवढ्या आकारापर्यंत पोहोचण्यास याच्या कितीतरी पट काळ लागला. मला स्वतःला या संपूर्ण विषयातील सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, आणि माहितीपटांत मात्र तिचा उल्लेख क्वचितच असतो, कारण तिथे सगळा वेळ जबड्यांच्या करामतींत जातो.

ट्रायासिक काळाच्या, म्हणजे पर्मियननंतर आलेल्या काळाच्या, अखेरीपर्यंत हा आकार आणखी वाढत गेला. इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर सापडलेल्या एका जबड्याच्या हाडावरून 2024 मध्ये इक्थिओटायटन हे नाव दिले गेले. सुमारे 20 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी 25 मीटरांच्या आसपास असावा, असा अंदाज आहे. त्याचे तुकडे ओळखणाऱ्यांत 11 वर्षांची एक मुलगी होती. मात्र ट्रायासिकच्या शेवटी पुन्हा एक विनाश झाला आणि हे महाकाय इक्थिओसॉर त्यात गेले. त्यापुढच्या जुरासिक काळातील समुद्रात जे उरले, ते आकाराने बहुतांशी लहान, चपळ आणि डॉल्फिनसारख्या बांध्याचे होते.

सातरस्ता

माहितीपूर्ण लेखाबद्दल आभार. एक प्राथमिक शंका विचारतो. या प्राण्यांना सर्रास ‘पाण्यातले डायनासोर’ म्हटले जाते. तसे म्हणणे कितपत बरोबर आहे?

माळढोक

तसे म्हणणे बरोबर नाही. डायनासोर हे मगरी आणि पक्षी यांच्या घराण्यातील, पाय शरीराच्या थेट खाली असलेले प्राणी होते. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर त्या घराण्याचे नाहीत, आणि मोसासॉर तर पाली, घोरपडी व साप यांच्या घराण्यातील आहेत. ते एकाच कालखंडात राहिले, एवढाच त्यांचा डायनासोरांशी संबंध.

एकरूख

मी पेशाने अभियंता आहे, म्हणून प्रश्न रचनेविषयीच आहे. हे प्राणी 15 कोटी वर्षांहून अधिक काळ समुद्रात राहिले. एवढ्या अवधीत त्यांना पुन्हा कल्ले का फुटले नाहीत? दर वेळी श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागणे हा मोठाच तोटा नव्हे काय?

माळढोक

प्रश्न उत्तम आहे. उत्क्रांतीला कोऱ्या कागदावर आराखडा काढता येत नाही; हाताशी जे अवयव असतील त्यांतच फेरफार करावे लागतात. सरीसृपांच्या गर्भातील कल्ल्यांच्या जागेचे भाग केव्हाच जबडा, कान आणि गळा यांच्या कामी लागलेले असतात. परंतु माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फुप्फुसे हा तोटा नसून लाभच होता. हवेच्या आकारमानात सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो, तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू आकारमानाने एक टक्काही भरत नाही. मोठ्या आणि सतत हालचाल करणाऱ्या शिकाऱ्याला वर येऊन एक दमदार श्वास घेणे परवडते.

याला जोडून एक निष्कर्ष सांगण्यासारखा आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दातांतील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) या प्राण्यांचे शरीरतापमान काढले गेले. त्यात इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर यांचे तापमान सुमारे 35 ते 39 अंश सेल्सियस, म्हणजे भोवतालच्या पाण्याहून बरेच अधिक असल्याचे दिसले. मोसासॉरांबाबत मात्र एकमत झालेले नाही. जर्मनीतील होल्झमाडेनच्या एका इक्थिओसॉरच्या जीवाश्मात त्वचेखालील चरबीच्या थराच्या खुणा 2018 मध्ये आढळल्या, त्याही याच्याशी जुळतात. थंड रक्ताचा सुस्त सरपटणारा प्राणी अशी जी प्रतिमा आपल्या मनात आहे, ती येथे लागू पडत नाही.

हाडवैद्य

मी अस्थिरोगाचा डॉक्टर असल्यामुळे थोडी भर घालतो. खोल पाण्यातून वेगाने वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे तयार होतात, हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मृत होतो. खुब्याच्या हाडाचा असा मृत भाग आम्ही क्ष-किरण चित्रात पाहतो, अर्थात सोलापुरात त्याची कारणे वेगळी असतात. स्टिरॉइड औषधांचा अतिरेक आणि मद्यपान ही त्यांतील मुख्य. नेमका हाच विकार मोसासॉरांच्या मणक्यांत आढळल्याचे ब्रूस रॉथशिल्ड आणि लॅरी मार्टिन यांनी 1987 मध्ये दाखवून दिले. पुढे रॉथशिल्ड आणि सहकाऱ्यांनी इक्थिओसॉरही तपासले, तेव्हा जुरासिक आणि त्यानंतरच्या क्रिटेशस काळातील नमुन्यांत हा विकार दिसला, परंतु ट्रायासिक काळातील नमुन्यांत दिसला नाही. याचा एक अर्थ असा लावला जातो की आरंभीच्या काळात त्यांना घाईघाईने वर पळायला लावणारे मोठे शत्रू नव्हते, आणि पुढे ते निर्माण झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान आजच्याच निकषांनी होते, हे माझ्या व्यवसायातील माणसाला फार समाधान देणारे आहे.

माळढोक सरांना एक विनंती. या प्राण्यांच्या प्रसूतीविषयी लिहावे. कासव अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येते. वेळासच्या किनाऱ्यावर आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. 17 मीटरांचा प्राणी वाळूवर कसा येणार?

माळढोक

येत नसावाच, डॉक्टरसाहेब. इक्थिओसॉर पिल्लांना जन्म देत असत, आणि याचा पुरावा थेट आहे: पोटात गर्भ असलेल्या माद्यांचे अनेक जीवाश्म होल्झमाडेन येथे मिळाले आहेत. त्यांच्या उत्तरकालीन जातींत पिल्लू बहुधा शेपटीकडून बाहेर येई. देवमाशांतही तसेच होते. परंतु चाओहू येथेच सापडलेल्या चाओहूसॉरस या अतिप्राचीन इक्थिओसॉरच्या मादीच्या जीवाश्मात पिल्लू डोके पुढे करून बाहेर येताना दिसते, आणि डोके आधी येणे ही जमिनीवरील प्राण्यांची रीत आहे. त्यावरून रयोसुके मोतानी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये असे प्रतिपादन केले की पिल्लांना जन्म देण्याची क्षमता त्यांच्या पूर्वजांत जमिनीवर असतानाच आलेली होती. हे खरे असेल, तर विचारांचा क्रम उलटा होतो. समुद्रात गेल्यामुळे अंडी सुटली असे नव्हे, तर अंडी आधीच सुटलेली असल्यामुळे समुद्रात कायमचे जाता आले.

प्लेसिओसॉरांबाबत असा पुरावा फार उशिरा मिळाला. कॅन्सासमध्ये 1987 मध्ये सापडलेल्या पॉलिकॉटिलसच्या मादीचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पावणेपाच मीटरांच्या त्या मादीच्या पोटात एकच, परंतु दीड मीटर लांबीचा गर्भ होता. एवढे मोठे एकुलते पिल्लू म्हणजे पालकांकडून त्याची काही काळ राखण होत असण्याची शक्यता आहे. ही शेवटची गोष्ट मात्र अनुमान आहे. हाडांवरून ती सिद्ध होत नाही.

चाटीगल्ली

सरांनी प्लेसिओसॉरांचा विषय काढलाच आहे, तर त्या मानेबद्दल सविस्तर लिहावे. चित्रांत ते हंसासारखी मान वर काढून पोहताना दाखवतात. ते खरे आहे का?

लंडनवासी_सोलापूरकर

चाटीगल्ली यांच्या प्रश्नाचे उत्तर माळढोक सर देतीलच. त्याआधी त्या मानेने एकेकाळी किती गोंधळ उडवून दिला होता ते सांगतो. येथील नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या एका लांब भिंतीवर हे सांगाडे लावलेले आहेत आणि त्यांतील काही मेरी ॲनिंग हिने शोधलेले आहेत. 1799 मध्ये जन्मलेली ही मुलगी डॉर्सेट किनाऱ्यावरील लाइम रीजस गावातील एका सुताराची. वादळानंतर ढासळणाऱ्या कड्यांतून निघणारे जीवाश्म प्रवाशांना विकून ते कुटुंब गुजराण करीत असे. 1811 मध्ये तिच्या भावाला एक कवटी दिसली आणि पुढच्या वर्षभरात तिने उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर होता. 1823 मध्ये तिला प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला, तेव्हा पॅरिसमधील जॉर्ज क्युव्हिए या श्रेष्ठ शरीररचनातज्ज्ञाला एवढे मणके असलेली मान पाहून तो बनावट असल्याचा संशय आला. 1824 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर चर्चा झाली, सांगाडा अस्सल ठरला आणि क्युव्हिएनेही ते मान्य केले. त्या चर्चेला मेरी उपस्थित नव्हती. स्त्रियांना त्या संस्थेचे सदस्यत्व 1919 मध्ये मिळू लागले आणि मेरी 1847 मध्येच वारली होती.

माळढोक

लंडनवासी यांनी योग्य ठिकाणी योग्य भर घातली. आता मानेविषयी. माणसाच्या आणि जिराफाच्या मानेत मणके सातच असतात. इलास्मोसॉरस या प्लेसिओसॉरच्या मानेत ते 72 होते आणि कॅनडातील अल्बर्टोनेक्टीसच्या मानेत 76. अमेरिकन संशोधक एडवर्ड कोप याने 1868 मध्ये इलास्मोसॉरसचा सांगाडा जुळवताना डोके चक्क शेपटीच्या टोकाला बसवले होते, यावरून ही मान शास्त्रज्ञांनाही किती अविश्वसनीय वाटली असेल याची कल्पना येते.

हंसासारखी मान वर काढणे बहुधा शक्य नव्हते. पाण्याबाहेर काढलेल्या मानेचा भार पेलायला पाण्यात पायाखाली टेकू नसतो. मान वर उचलली की धड खाली जाईल. शिवाय मणके एकमेकांच्या इतके जवळ बसलेले होते की इंग्रजी एस अक्षरासारखे वळण त्यांना झेपले नसते. मान बहुतेक वेळ सरळ पुढे राहत असावी आणि तिच्या टोकाचे लहान डोके माशांच्या थव्यात शिरत असावे, कारण मागचे मोठे धड माशांना उशिरा दिसे. पोहण्याची त्यांची पद्धतही एकमेव होती. चार सारखी, पंखांसारखी वल्ही वापरून पाण्यात जणू उडणारा दुसरा कोणताही मोठा प्राणी आपल्याला ज्ञात नाही.

लांब मानेची किंमतही असते. ट्रायासिक काळातील टॅनिस्ट्रोफिअस या प्लेसिओसॉर नसलेल्या सरीसृपाची मान अवघ्या 13, परंतु अतिशय लांब मणक्यांची होती. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील मॉन्टे सान जॉर्जिओ येथे मिळालेल्या त्याच्या दोन नमुन्यांच्या माना एखाद्या शिकाऱ्याने चावून तोडल्याचे 2023 मध्ये दाखवण्यात आले. एवढी जोखीम असूनही लांब मान वेगवेगळ्या घराण्यांत पुनःपुन्हा निर्माण झाली, म्हणजे तिचा लाभ तोट्याहून मोठा असला पाहिजे. दुसरीकडे, प्लेसिओसॉर घराण्यातच आखूड मानेचे आणि प्रचंड जबड्याचे प्लिओसॉरही होते; डॉर्सेटच्याच किनाऱ्यावर अलीकडे मिळालेली एका प्लिओसॉरची कवटी 2 मीटर लांब आहे.

बाळीवेस

मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इक्थिओसॉर इतके यशस्वी होते, तर ते अशनीच्या आधीच का संपले? आमच्या पुस्तकात ‘मोसासॉरांच्या स्पर्धेमुळे’ एवढेच एक वाक्य आहे.

माळढोक

ते वाक्य काळाच्या हिशोबात बसत नाही. इक्थिओसॉर सुमारे 9 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळाच्या सेनोमेनियन टप्प्याच्या अखेरीस संपले. मोसासॉरांचे पूर्वज त्या वेळी लहान आणि किनाऱ्याजवळ वावरणारे होते. टेक्सासमध्ये सापडलेला सुमारे 9 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचा डॅलसॉरस जेमतेम मीटरभर लांब होता आणि त्याचे पाय जमिनीवर चालण्यालायक होते. मोसासॉर मोठे झाले ते इक्थिओसॉर गेल्यानंतर. घर रिकामे झाल्यावर राहायला आलेल्यावर आधीच्या मालकाला हुसकावल्याचा आरोप करता येत नाही.

मग खरे कारण कोणते? व्हॅलेंटिन फिशर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेले स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. त्यांच्या मते ऱ्हास दोन टप्प्यांत झाला. सेनोमेनियनच्या आरंभी अनेक जाती गेल्या, आणि उरलेल्या काही जाती त्या टप्प्याच्या शेवटी गेल्या. इक्थिओसॉरांत प्रकारांची विविधता त्याआधीपर्यंत बरीच होती. परंतु नवे प्रकार निर्माण होण्याचा वेग फार मंदावला होता आणि नेमक्या त्याच काळात हवामान व समुद्राची पातळी वेगाने बदलत होती. सेनोमेनियनच्या अखेरीस महासागरांच्या मोठ्या भागांत प्राणवायूची तीव्र टंचाई झाली, आणि त्याची साक्ष त्या काळातील काळ्या शेल खडकाचे (घट्ट झालेल्या चिखलाचे) थर अनेक खंडांवर देतात. कोणताही एकच घाव नव्हता. बदलत्या समुद्रात बदलणे थांबवलेल्या कुळाचा हा शेवट होता.

यात भारताचाही दुवा आहे. कच्छमध्ये भूजजवळील लोडाई येथे सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या इक्थिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला, आणि दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध केले. त्याची लांबी साडेपाच मीटरांच्या आसपास असावी. तेव्हा कच्छवर समुद्र होता, आणि आपला उपखंड मादागास्करला लागून दक्षिण गोलार्धात होता.

मुरूमखाण

आपली चर्चा वाचून एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझा खडी आणि मुरूम यांचा व्यवसाय आहे. आमच्याकडे दगड फोडताना कधी पांढऱ्या गारगोट्या निघतात, कधी दगडावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी दिसते. गावातील लोक त्यास प्राण्यांचे किंवा वनस्पतींचे अवशेष समजतात. सोलापूर परिसरात अशा सागरी प्राण्यांचे जीवाश्म मिळू शकतील काय?

माळढोक

मिळणार नाहीत, आणि त्याची कारणे स्पष्ट आहेत. आपला दगड बेसाल्ट आहे, म्हणजे थंड झालेला लाव्हा. गारगोट्या या लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत नंतर साठलेल्या सिलिका आणि झिओलाइट यांसारख्या खनिजांच्या आहेत. फांद्यांसारखी नक्षी मँगनीजच्या ऑक्साइडांची असते; भेगेतून पाणी झिरपताना ती उमटते आणि तिचा वनस्पतींशी काहीही संबंध नसतो.

यावर कोणी म्हणेल की लाव्हाच्या खाली काय आहे ते कोणी पाहिले आहे? ते पाहिले गेले आहे, आणि आपल्या शेजारीच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप सोलापुरातील ज्यांना आठवतो, त्यांना पुढील माहिती विशेष वाटेल. त्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेण्यात आले. त्यात बेसाल्टची जाडी सुमारे 340 मीटर भरली, त्याखाली जेमतेम काही मीटरांचा गाळाचा थर लागला आणि मग थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी पायाचा खडक आला. म्हणजे लाव्हा पसरण्यापूर्वी हा भाग उघडी जमीन होती. जुरासिक किंवा क्रिटेशस समुद्राचा जाड गाळ तेथे नाहीच, मग समुद्रातील प्राणी कोठून येणार?

महाराष्ट्रात त्या काळातील मोठ्या सरीसृपांचे अवशेष पाहायचे असतील, तर चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे नाव लक्षात ठेवावे. परंतु ते जमिनीवरील डायनासोरांचे आहेत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सागरी गाळ अडकलेला आढळतो तो आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या खाणींत. आपल्या पश्चिमेकडील लाव्हा सुमारे 1000 किलोमीटर वाहत तेथील किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. तेथे मिळतात ते भिंगातून पाहावे लागणारे सूक्ष्मजीव. विनाशाच्या अभ्यासात मात्र मोसासॉरच्या कवटीइतकेच त्यांचे वजन आहे.

कुंभारी

सर, आता आपण स्वतःच मुद्द्यावर आला आहात. शेवटच्या विनाशास अशनी जबाबदार असे सांगितले जाते. परंतु आपला हा लाव्हा आज झीज होऊनही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पर्मियनअखेरच्या विनाशासाठी सैबेरियातील लाव्हाला दोषी धरले जाते. मग येथे दख्खनला निर्दोष का सोडावे? मला तर असे वाटते की अशनीची कथा अधिक नाट्यमय आहे, म्हणूनच ती अधिक खपते.

माळढोक

कुंभारी, आपली तुलना तर्कशुद्ध आहे आणि काही नामांकित संशोधकांनी, विशेषतः गेर्टा केलर यांनी, अनेक वर्षे दख्खनच्या बाजूने युक्तिवाद केलेला आहे. परंतु अशनीची बाजू नाट्यमयतेवर उभी नाही. 1980 मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी फ्रँक असारो व हेलन मिशेल यांच्यासह इटलीतील गुब्बिओ आणि अन्य ठिकाणच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम या, पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण अशनींत अधिक आढळणाऱ्या धातूचे अनपेक्षित प्रमाण दाखवले. पुढे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे चिक्सुलुब विवर निश्चित झाले. ते निर्माण करणारा गोळा सुमारे 10 किलोमीटरांचा असावा, आणि त्याचा काळ 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा.

दख्खनचा काळही जवळपास तोच आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. 2019 मध्ये एकाच नियतकालिकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. प्रिन्स्टनच्या गटाने झिरकॉन या खनिजाच्या कणांचे वय काढून असा निष्कर्ष काढला की लाव्हाची एक मोठी लाट विनाशाच्या काही हजार ते काही दशसहस्र वर्षे आधी आली. बर्कलेच्या गटाने खडकातील आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने असे दाखवले की लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग विनाशानंतर बाहेर पडला. दोघांनीही पश्चिम घाटातील नमुने घेतले होते.

माझे मत विचाराल, तर समुद्रापुरता निकाल अशनीच्या बाजूने जातो, आणि त्यासाठी मी मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींची साक्ष काढीन. तेथे क्रिटेशसच्या अगदी अखेरच्या थरांतही मोसासॉरांची विविधता भरघोस आहे: शिंपले फोडणारे, मासे पकडणारे, मोठ्या प्राण्यांची शिकार करणारे असे अनेक प्रकार एकाच समुद्रात नांदत होते. दख्खनच्या लाव्हाने त्यांना हळूहळू पोखरले असते, तर वरच्या थरांकडे जाताना ही विविधता घटत गेलेली दिसायला हवी होती. ज्वालामुखींनी हवामान अस्थिर केले असेल, हे मी नाकारत नाही. परंतु मोसासॉर आजारपणाने गेलेले दिसत नाहीत. ते धडधाकट असताना गेले.

एकरूख

मोसासॉरांविषयी अजून फारसे आले नाही. घोरपडीच्या नातेवाईकाचे एवढे मोठे रूप कसे झाले, हे वाचायला आवडेल.

माळढोक

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथील भूमिगत खाणींत अठराव्या शतकात त्यांच्या कवट्या सापडल्या. कोणी मगर म्हणाले, कोणी देवमासा. 1799 मध्ये आद्रियान कॅम्पर याने तो घोरपडीसारखा सरडा असल्याचे ओळखले आणि 1808 मध्ये क्युव्हिएने त्यास दुजोरा दिला. एखादी प्रजाती पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते, हा त्या काळी न पटणारा विचार क्युव्हिए मांडत होता, आणि त्याच्या हाती हा भक्कम पुरावा आला.

त्यांच्या टाळूवर सापांप्रमाणे दातांची आणखी एक रांग होती, त्यामुळे तोंडात आलेले भक्ष्य मागे सुटणे कठीण होते. ते पोहण्यात मात्र सापांसारखे वळवळणारे असावेत, असे दीर्घकाळ मानले गेले. जॉर्डनमध्ये मिळालेल्या प्रोग्नॅथोडॉन या मोसासॉरच्या जीवाश्मात शेपटीच्या पंखाचा मऊ भाग टिकून राहिल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आणि हे चित्र बदलले. शार्कच्या शेपटीत पाठीचा कणा पंखाच्या वरच्या पाळीत जातो. मोसासॉर आणि इक्थिओसॉर या दोघांतही तो खालच्या पाळीत वळतो. जवळचे नाते नसताना दोन्ही कुळे एकाच उत्तरापर्यंत पोहोचली, आणि मोसासॉरांना त्यासाठी अवघी तीन कोटी वर्षे मिळाली.

हाडवैद्य

शेवटचा प्रश्न. त्याच समुद्रात राहणारी कासवे वाचली आणि मोसासॉर व प्लेसिओसॉर का वाचले नाहीत?

माळढोक

समुद्राचे अन्नचक्र रोजच्या कमाईवर चूल पेटणाऱ्या घरासारखे असते. जमिनीवर बिया, मुळे, वाळलेले लाकूड असा साठा असतो. समुद्रातील वनस्पती म्हणजे काही दिवस जगणारे सूक्ष्म प्लवक. अशनीच्या आघाताने उडालेली धूळ, काजळी आणि गंधकाचे कण यांनी सूर्यप्रकाश अडवला, प्लवक कोसळले, समुद्राच्या वरच्या थराची आम्लता वाढली, अमोनाइट हे माखलांचे शंखधारी नातेवाईक संपले, आणि मग मासे व माखले यांवर जगणाऱ्या मोठ्या शिकाऱ्यांकडे काही उरले नाही. मोठ्या देहाला रोज मोठा घास लागतो. शरीर गरम ठेवणाऱ्याला तर त्याहून अधिक.

कासवांचा चयापचय मंद असतो, ती दीर्घकाळ उपाशी राहू शकतात आणि त्यांतील अनेक जाती मिळेल ते खातात. डायरोसॉर या नावाने ओळखले जाणारे मगरींचे सागरी नातेवाईकही त्या विनाशातून वाचले, आणि त्यांचा वावर नदीमुखांत व गोड्या पाण्यातही होता. गोड्या पाण्यातील अन्नसाखळी बरीचशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर चालते, त्यामुळे प्रकाश गेल्यावरही ती लगेच तुटत नाही. बाळीवेस यांनी परीक्षेच्या दृष्टीने एवढे लक्षात घ्यावे की हे स्पष्टीकरण अन्नाविषयीचे आहे, बळाविषयीचे नाही. समुद्रातील मोठ्या शिकाऱ्यांच्या जागा त्यानंतर दीड कोटी वर्षांच्या आसपास बहुतांशी शार्क माशांकडेच राहिल्या. मग भारत आणि पाकिस्तानच्या किनाऱ्यांवर खुरांच्या सस्तन प्राण्यांतून देवमासे घडू लागले, आणि त्यांचे सुरुवातीचे जीवाश्म मिळालेल्या जागांत कच्छही आहे.